उभी गाडी आधी बिघडते

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी वाहतुकीला खुला झाला. शहापूर तालुक्यातल्या माणसाला घराजवळ असा रस्ता मिळाला, जिथं सपाट भागात मोटारीला ताशी 120 किलोमीटरपर्यंत जाता येतं. मुरबाडकरांकडे माळशेजचा घाट पहिल्यापासूनच आहे. ज्याला गाडी चालवायची मनापासून हौस आहे, त्याला अशा रस्त्यावर कधी ना कधी वाटतंच, की जुनी का होईना, एखादी खरी स्पोर्ट्स कार आपल्या दारात असावी.

ही हौस आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. आयात केलेल्या स्पोर्ट्स कारची किंमत दहा-बारा वर्षांत निम्म्याहून खाली येते. नव्या फॉर्च्युनरला लागतात तेवढ्या पैशांत जुनी पोर्श बॉक्स्टर मिळू शकते. मात्र गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. तीस लाखांना घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स, क्लच आणि ब्रेक हे कोटीच्या गाडीचेच असतात आणि बिलही त्याच भावाने येतं. म्हणून जवळ असलेले सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. माझ्या मते खरेदीच्या रकमेचा निदान पाव हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर त्याहून स्वस्त गाडी बघावी.

आणि आपल्या भागातली खरी अडचण वेगाची नाहीच. जून ते सप्टेंबर असे चार महिने ही गाडी जवळजवळ उभी राहणार आहे. चालून झिजलेल्या गाडीचं काय झिजलंय ते कळतं, भाग बदलता येतो. उभी राहून बिघडलेली गाडी कुठं कुठं बिघडली आहे, हे शोधण्यातच निम्मे पैसे जातात. गाडी निवडताना, तपासताना आणि सांभाळताना हीच गोष्ट डोक्यात ठेवायची.

सुरुवात कागदांपासून. भारतातली सगळ्यात गाजलेली फेरारी एका मराठी माणसाची होती. 2002 साली सचिन तेंडुलकरने 29 वं कसोटी शतक करून डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून त्याला चाव्या मिळाल्या. गाडी भारतात आणायची तर 1.13 कोटी रुपये सीमाशुल्क होतं. सरकारने ते माफ करायचं ठरवलं, त्यावर देशभर वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. पुढे 2011 मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. विकत घेणाऱ्याच्या बाजूने बघा: ज्या गाडीच्या शुल्काचा निकाल जगजाहीर लागला आहे, तिच्यावर उद्या कुणी दावा सांगायला येणार नाही. बाकीच्या गाड्यांचा निकाल आपल्यालाच कागदांत शोधावा लागतो.

त्यासाठी मागायचा कागद म्हणजे ‘बिल ऑफ एंट्री’. गाडी कुणी, कधी, कोणत्या बंदरातून आणली आणि शुल्क किती भरलं, हे त्यात असतं. त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळला पाहिजे. गाडी इथल्या अधिकृत डीलरने नवी विकलेली असेल, तर त्याचं मूळ बिल पुरतं. सप्टेंबर 2025 मध्ये कस्टम्स खात्याने केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’ ही मोहीम सुरू केली. भूतानमार्गे शुल्क चुकवून आणल्याचा संशय असलेल्या जुन्या महागड्या गाड्यांचा तो शोध होता, आणि गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या त्या ज्यांच्या दारात उभ्या होत्या त्यांच्याकडून. मधल्या दलालाकडे तोवर पैसे पोचलेले असतात.

दुसरा प्रश्न पासिंगचा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या 20 लाखांवरील पेट्रोल मोटारीला 13 टक्के एकरकमी कर आहे. बाहेरून आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर असलेल्या मोटारीला 20 टक्के. या कराची कमाल मर्यादा 2025 च्या अर्थसंकल्पात 20 लाखांवरून 30 लाखांवर नेली. एवढा कर वाचवायला अनेकांनी आपल्या गाड्यांचं पासिंग पुदुच्चेरीला केलं. अशी ‘पीवाय’ नंबरची गाडी स्वस्त दिसते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यातलं वाहन बारा महिन्यांहून जास्त इथं ठेवलं, तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो आकडा आरटीओकडून आधी काढून घ्या आणि मगच भाव ठरवा. मूळ आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35, दोन्ही सह्यांचे फॉर्म 29 आणि 30, थकलेली ई-चलनं हे सगळं पैसे देण्याआधी बघायचं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका.

गाडीचं वयही नीट मोजा. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण लागतं आणि ते पुढे दर पाच वर्षांनी. एप्रिल 2022 पासून साध्या मोटारीला त्याची फी 5,000 रुपये आहे, तर आयात केलेल्या चारचाकीला 40,000. ऑगस्ट 2025 च्या नियमाने वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीला हीच फी 80,000 झाली. आज अठरा वर्षांची गाडी घेणाऱ्याला हा खर्च दोन वर्षांवर आलेला आहे.

आता गाडी प्रत्यक्ष बघायला जाऊ. आपल्याकडे जुनी बोलेरो किंवा स्विफ्ट घेताना जाणता माणूस खिशातून लोहचुंबक काढतो आणि पत्र्यावर फिरवतो. जिथं चिकटत नाही, तिथं पुट्टी आहे, म्हणजे गाडी ठोकलेली. स्पोर्ट्स कारला ही परीक्षा बऱ्याचदा लागूच पडत नाही. फेरारी 360 ची चौकट आणि बॉडी ॲल्युमिनियमची आहे. कित्येक गाड्यांना फायबर किंवा कार्बन फायबर असतं. इथं चुंबक कुठंच चिकटणार नाही. अशा गाडीसाठी ॲल्युमिनियमवर चालणारं रंगाची जाडी मोजायचं यंत्र लागतं. ते नसेल तर दरवाजे, बोनेट आणि मडगार्ड यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बोल्टांच्या डोक्यावर पान्याच्या खुणा आहेत का, हे बघावं. ॲल्युमिनियमचं काम साध्या डेंटरला देऊ नये, तो कितीही कसबी असला तरी. ज्या हातोडीने लोखंडी पत्रा ठोकला, तिनेच ॲल्युमिनियम ठोकलं, तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि ओल लागली की तिथून धातू खायला सुरुवात होते. कोकणपट्टीच्या हवेत हे लवकर होतं.

पाण्यात गेलेली गाडी ओळखता आलीच पाहिजे. 26 जुलै 2005 चा पाऊस मुंबई-ठाणेकर विसरणार नाहीत, आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल उल्हास नदीच्या पुरात पाण्याखाली जातो हे मुरबाडच्या माणसाला सांगायला नको. विक्रेता आसनं धुतो, गालिचा बदलतो, सुगंधी फवारा मारतो. सीटबेल्ट मात्र कुणी पुरता धूत नाही. तो शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या टोकाला जिथं पट्टा गुंडाळलेला राहतो, तिथं गढूळ पाण्याची रेघ राहून जाते. ती दिसली की भाव करत बसू नका, परत फिरा.

इंजिनाचं निदान मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावं लागतं, तरी काय तपासायला सांगायचं हे आपल्याला माहीत हवं. बॉक्स्टरचं उदाहरण घेतो, कारण हौशी माणसाला जमू शकेल अशी ती गाडी आहे. 2008 पर्यंतच्या बॉक्स्टर आणि बहुतेक 911 गाड्यांच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो. तो टायमिंगच्या चेन फिरवतो आणि त्याच्या टोकाच्या बेअरिंगला सगळे ‘आयएमएस बेअरिंग’ म्हणतात. ते फुटलं तर टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि पूर्ण इंजिन जातं. साधारण 2006 पासूनचं बेअरिंग मोठं आणि बरंच टिकाऊ आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही. त्याआधीचं क्लच उतरवल्यावर बदलता येतं, म्हणून जुन्या गाडीचा क्लच कधी केला आणि तेव्हा बेअरिंग बदललं का, हा पहिला प्रश्न. 2009 पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. पैसे थोडे जास्त गेले तरी तीच गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनीच आवडली असेल, तर विक्रेत्याच्या परवानगीने ऑइल फिल्टर काढून घ्या. आतली कागदाची घडी धारदार पात्याने कापा, पांढऱ्या कागदावर उलगडा आणि उन्हात न्या. तेल निथळलं की कागदाच्या चुण्यांत काय अडकलंय ते दिसायला लागतं. काळ्या-तपकिरी प्लास्टिकचे बारीक तुकडे चेनच्या गाइडचे असतात. चमकणारे कण असतील तर त्यावर चुंबक फिरवा, इथं तो कामाचा आहे. जे उचलले जातात ते पोलादाचे, म्हणजे बेअरिंगकडून आले असण्याची शक्यता. जे उचलले जात नाहीत ते बहुधा ॲल्युमिनियमचे. अर्ध्या तासाच्या या कामाला खर्च एका फिल्टरचा आणि वरून घालायच्या तेलाचा. ज्या विक्रेत्याला हेही नको असतं, त्याची गाडी मलाही नको वाटते.

फेरारी 360 मध्ये अशी नाजूक जागा टायमिंग बेल्टची आहे. हा रबरी पट्टा किलोमीटरवर कमी आणि वर्षांवर जास्त जुना होतो. कंपनीने तीन वर्षांचा हिशोब दिलेला आहे. त्यामुळे ‘गाडी फक्त आठ हजार चाललीय’ हे वाक्य ऐकून खूश व्हायचं कारण नाही. पट्टा सात वर्षांचा असेल, तर ती गाडी धोक्याची आहे. बरी गोष्ट एवढीच, की आधीच्या एफ355 मध्ये पट्ट्यासाठी पूर्ण इंजिन खाली काढावं लागे, 360 मध्ये ते काम आसनांमागचं झाकण उघडून होतं. पॅडलने गिअर बदलणाऱ्या एफ1 प्रकारच्या गाडीचा क्लच किती उरला आहे, ते निदानाच्या संगणकावर टक्क्यांत दिसतं. कासवगतीच्या गर्दीत हा क्लच झपाट्याने संपतो. मुरबाडहून मुंबईला निघालात आणि संध्याकाळी शहाडच्या पुलावर अडकलात, तर घाटातल्या रपेटीहून जास्त झीज तिथंच होईल.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल, तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी खोल असली, तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या डांबरावर धरत नाही. चार टायर बदलण्याचा खर्च भावातून वजा करा.

मेड इन इंडिया स्पोर्ट्स कारचाही विचार मनात येईल. गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची, फायबर बॉडीची उघड्या टपाची गाडी काढली, तिला रेनॉचं 1149 सीसी इंजिन. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीलाही रेनॉचंच दोन लिटरचं टर्बो इंजिन. अशा गाड्यांचं इंजिन दुरुस्त होऊ शकतं, कारण ते मोठ्या कारखान्याचं आहे. अडतं ते पुढच्या काचेवर, दिव्यांवर, दरवाज्याच्या रबरावर. ते फक्त त्याच गाडीसाठी केलेले असतात. या गाड्या जपणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण आपल्याकडच्या मोटार-इतिहासाचा तो एक दुर्मीळ तुकडा आहे. पण घेताना सगळ्या काचा, दिवे आणि रबरं शाबूत असलेलीच घ्या. शिवाय विम्यात भरपाई देताना फायबरच्या भागांवर 30 टक्के आणि रबर-प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा धरतात, तो खर्च आपल्यावर येतो.

गाडी घरी आली. आता ती उभी कुठं करायची? शेणाने सारवलेल्या किंवा नुसत्या मातीच्या जमिनीवर नको, कारण ती चार महिने खालून ओल सोडत राहते. खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरून वर कोबा केलेली खोली हवी, दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी. गोठ्याला लागून तर मुळीच नको. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांबं आणि पितळ खातो, आणि अशा गाडीत वायरिंगच्या जोडांपासून सेन्सरपर्यंत सगळीकडे तांबंच आहे. वरून निळी ताडपत्री टाकू नका. ती पाऊस अडवते आणि आतली वाफही अडवते. आठ दिवसांत चामड्यावर बुरशी धरते. जाड सुती आच्छादन घाला, छप्पर मात्र पक्कं ठेवा.

उंदीर हा या गाडीचा पावसाळ्यातला आणि भाताच्या झोडणीनंतरचाही मोठा शत्रू आहे. शेजारी पेंढ्याची उडवी किंवा भाताच्या कणग्या असतील, तर तो इंजिनाच्या उबेला येणारच. एक वायर कुरतडली, तरी वायरिंगचा पूर्ण संच मागवावा लागू शकतो. हवेच्या आत जाण्याच्या वाटांना बारीक स्टीलची जाळी बसवा, डांबरगोळ्या ठेवा, आणि जाळी काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. उंदरामागे साप येतो. बंद ठेवलेल्या गाडीचं बोनेट उघडण्याआधी काठीने दोन-चार वेळा आवाज करावा.

कापडी टपाच्या गाडीत आणखी एक जागा बघायची. बॉक्स्टरच्या टपाच्या कडेने पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या असतात. आपल्याकडे उन्हाळ्याआधी साग झडतो, त्याच्या पानांचा चुरा या नळ्यांत जाऊन बसतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत उतरतं. आसनाखाली गाडीच्या किल्लीशी बोलणारा कंट्रोल बॉक्स असतो. तो भिजला की गाडी चालू होत नाही, काच खाली होत नाही, आणि तो नवा बसवून गाडीशी जुळवायला फ्लॅटबेडवर घालून मुंबई गाठावी लागते. मे महिन्यात मऊ नायलॉनची दोरी घालून त्या नळ्या मोकळ्या करायच्या. दाब देऊन हवा मारायची नाही, नळी आत निखळते.

दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्याची सवय बरीच माणसं लावून घेतात. त्याने गाडीचं नुकसानच होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरतं तापलं नाही, तर ती तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते. उघडीप असेल त्या दिवशी गाडी निदान चाळीस मिनिटं महामार्गावर चालवून आणा, तेल पुरतं तापू द्या. ते जमणार नसेल, तर इंजिनाला हात लावू नका. बॅटरीला मंद गतीचा चार्जर जोडून ठेवा. चार्जर असा घ्या, जो लाईट गेली-आली की आपोआप पुन्हा सुरू होतो. आपल्याकडे रात्रीतून किती वेळा लाईट जाते ते सगळ्यांना माहीत आहे. त्याला स्टॅबिलायझरही लावा. हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना लाकडाची उटी द्या, नाहीतर ऑक्टोबरमध्ये ब्रेकपॅड डिस्कला चिकटलेले सापडतील.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं. पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. फार दिवस उभ्या असलेल्या टाकीत ते पाण्यासकट तळाला बसू शकतं. इंडियन ऑइलचं एक्सपी100 इथेनॉलविरहित आहे, पण ते मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर. मुंबईला गेलात, की पावसाळ्याआधीची शेवटची टाकी त्याने काठोकाठ भरून आणा. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून ओलही कमी. इंधनाचे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घालून घ्या. हा खर्च वाचवू नका, कारण तापलेल्या इंजिनावर ठिबकलेलं पेट्रोल म्हणजे आग.

मेकॅनिकबद्दल लोकांच्या मनात एक भीती असते, की अशी गाडी आपल्याकडचा माणूस हाताळूच शकणार नाही. हे निम्मंच खरं आहे. निदानाचा संगणक, गिअरबॉक्सचं काम, टायमिंग बेल्ट यांसाठी मुंबई-ठाण्यातलं अधिकृत किंवा अनुभवी गॅरेजच हवं, आणि गाडी फ्लॅटबेडवरूनच न्यायची. पुढची चाकं उचलून टोचण केलं, तर पोटाखालचं सगळं घासलं जाईल. पण ऑइल बदलणं, ब्रेकपॅड, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलणं ही कामं शहापूर-मुरबाडचा चांगला मेकॅनिक उत्तम करतो, जर त्याला कंपनीचं मॅन्युअल आणि योग्य टॉर्क रेंच मिळाला तर. त्याला ते विकत घेऊन द्या. दर कामाची तारीख, किलोमीटर आणि पार्टचा नंबर एका वहीत लिहा. पुढे गाडी विकायची वेळ आली, तर घेणारा आधी तीच वही मागेल.

गावाच्या रस्त्यावर नेताना गतिरोधकांचं भान ठेवायला हवं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब उताराचा हवा. तसा असेल तर बहुतेक स्पोर्ट्स कार सावकाश निघतात. गावोगावी आहेत ते त्याच उंचीचे, पण अर्ध्या मीटरचे. तिथं गाडी तिरपी घ्यावी, एकेक चाक चढवत. खरेदीआधीच आपल्या घरापासून महामार्गापर्यंतचा रस्ता टेप घेऊन बघून या. जिथं पोट टेकेल अशी एखादी जागा वळसा घालून टाळता येत नसेल, तर नाक वर उचलणारी यंत्रणा असलेलीच गाडी शोधावी लागेल.

ऑक्टोबर लागला, पाऊस थांबला, की पहिल्या दिवशी घाई करू नका. जाळ्या काढा, इंजिनाखाली टॉर्च मारून कुरतडलेलं काही आहे का बघा, तेलाची आणि कूलंटची पातळी तपासा, टायरमध्ये हवा भरा. उभं राहून त्यांना चपटेपणा आलेला असतो, तो पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरांत जातो. डिस्कवर तांबूस गंज दिसेल. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने जाऊन आठ-दहा वेळा हलकेच ब्रेक लावा, गंज उतरतो आणि पेडलची थरथर थांबते. थरथर नाहीच थांबली, तर माळशेजकडे वळू नका, आधी ब्रेक उघडून घ्या. परत आल्यावर इंजिन गरम असतानाच जुनं तेल काढून टाका, नवं घाला, आणि काढलेला फिल्टर कापून उन्हात धरा.